लांबी सुकेपर्यंत

पत्र्याच्या भोकात भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, सुकायला वीसेक मिनिटं लागतात. प्रमिला व्हॅनच्या सावलीत चटई टाकते, हातावरची राखाडी भुकटी गाऊनला पुसते आणि नुसती पाठ टेकते. झोपायचं नाही हं, असं स्वतःला बजावते, आणि बजावता बजावताच तिचे डोळे जड होतात.

आठ दिवस ती ही व्हॅन खरवडतेय. नवरा सदानंद वर्षापूर्वी गेला आणि ही गंजकी पेटी तिच्या गळ्यात बांधून गेला. गृहस्थ मोठा हौशी! दर दसऱ्याला गाडीला नवा रंग, झेंडूचा हार, नारळ. खालचा गंज मात्र कधी म्हणून काढला नाही. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्ला की भोकात लांबी थापायची, वरून रंगाचा हात मारायचा, झालं काम. प्रमिलाने घासायला घेतलं तर पांढऱ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली परत पांढरा, आणि सगळ्यांच्या तळाशी नुसता भुगा. छातीत दुखायला लागलं तेव्हाही या माणसाने तेच केलं. वरून बाम चोळला आणि गप्प बसला.

परवा दसरा. त्या दिवशी प्रमिला स्वतः गाडी चालवत मसाल्याची पाकिटं घेऊन लांज्याच्या बाजाराला जाणार आहे. बावन्नाव्या वर्षी लायसन काढलंय तिने. सगळा गंज उतरवून झालाय. शेजारच्या सीटपुढचं रबरी मॅट तेवढं खाली घट्ट चिकटलंय, ते तिने तसंच ठेवलं. आणि ड्रायव्हरच्या पायाखाली वीतभर भोक निघालं. वेल्डिंगवाला म्हणाला, दसरा झाल्यावर येतो. मग काय, त्या भोकात आज तिनेही लांबी भरलीय. एवढ्यापुरतीच.

टक. टक. टक.

सदानंद ड्रायव्हरच्या सीटवर बसलाय. हातात स्क्रू ड्रायव्हर, त्याच्या मुठीने तो तळाचा पत्रा ठोकून बघतोय. व्हॅन अंगणात नाही, हातखंब्याच्या उतारावर आहे. प्रमिला त्याच्या शेजारी बसलीय, बावीस वर्षं बसत आली तशी.

"ही लांबी कोणी भरली?" तो विचारतो.

"मी."

तो हसतो. असा हसतो की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. जन्मभर गंजावर रंग फासणारा माणूस, आणि तो मला हसणार? ती तोंडाला येईल ते बोलते. तुमची कामं वरवरची, तुमचं हसणंही वरवरचं, दुखणं डॉक्टरांपासून लपवलंत, माझ्यापासून लपवलंत. ती बोलत असते आणि काचेबाहेर उताराऐवजी हॉस्पिटलचा कॉरिडॉर असतो. एक नर्स बॉनेटला घासून ट्रॉली ढकलत जाते. सदानंद मान खाली घालून ऐकतो. जिवंतपणीही असाच ऐकायचा, अंगाला काही लावून न घेता.

मग तो वाकून तिच्या पायाखाली ठोकतो. ठण्ण.

"हा आवाज ऐकलास? आता हा ऐक." तो स्वतःच्या पायाखाली ठोकतो. भद्द. "इथे तू बसणार आहेस. काही वाटतं का?"

"तुम्ही बसलातच की तिथे."

"मी बसलो," तो म्हणतो. "तुला बसवलं नाही."

आणि तो स्क्रू ड्रायव्हर हातात फिरवून सुलटा धरतो.

प्रमिला जागी होते. मान आखडलीय, ऊन चटईवर आलंय. ती उठून ड्रायव्हरचं दार उघडते. सकाळी तिने हत्यारांच्या डब्यात ठेवलेला स्क्रू ड्रायव्हर लांबीत मुठीपर्यंत घुसून उभा आहे. लांबी त्याच्याभोवती कडक वाळलीय.

ती वळसा घालून आपल्या बाजूला जाते आणि दोन्ही हातांनी ते मॅट ओढते. फाटत फाटत येतं. खाली जाड पत्रा आहे, चारही कडांनी नीट वेल्डिंग केलेला, वर गंज न धरू देणाऱ्या रेड ऑक्साइडचे दोन हात. गंजाचा ठिपका नाही. या माणसाने आयुष्यात एक काम धड केलं आणि त्यावर मॅट चिकटवून ठेवलं.

"मूर्ख माणूस," प्रमिला मोठ्याने म्हणते. तिला रडू येतं आणि त्याचाच आणखी राग येतो. "स्वतःच्या बाजूला काय धाड भरली होती हो तुमच्या?"

दसऱ्याचा हार गाडीला जागेवरच घालायचा. लांजा पुढच्या आठवड्यात. ती डोळे पुसते, छिन्नी-हातोडा घेते आणि त्याच्या बाजूची लांबी फोडायला बसते.