टेबलाखालची चीप
भाजलेले चिंचोके फोडायला मी एकदा दवाखान्यातल्या टेबलाच्या आखूड पायाखालची दगडी चीप काढून घेतली. एवढा शहाणपणा मी आयुष्यात पुन्हा केला नाही. परवा नातीच्या दंडाला कुणी स्पिरिट लावलं आणि त्या वासानं ते सगळं आठवलं. अमरावतीला क्षयाच्या दवाखान्यात मी रक्त तपासायला नवीनच लागले होते आणि पांढरा कोट घालून स्वतःला अर्धी डॉक्टरीण समजत होते. रक्त उंच काचनळीत तासभर सरळ उभं ठेवायचं आणि तांबडा थर किती खाली बसला ते मोजायचं. जास्त बसला की आजार आत अजून धगधगतोय. त्या दिवशी नळी होती दर्यापूरकडच्या एका बाईची. आठ महिने तिनं लेकराला पाहिलं नव्हतं. आकडा उतरला तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. टेबल कललं, नळी कलली, रक्त भराभरा खाली बसलं, आणि मी ठसक्यात मोठा आकडा लिहून दिला. सुट्टी रद्द झाली. बाई भिंतीकडे तोंड करून रडत राहिली. सकाळी डॉक्टरांनी कललेलं टेबल पाहिलं, चिंचोक्यांची टरफलंही पाहिली, आणि तपासणी पुन्हा करायला लावली. आकडा चांगला आला. या वयातही ते आठवलं की माझे कान गरम होतात. मी रडत रडत माफी मागायला गेले, तेव्हा गाठोडं बांधता बांधता बाई म्हणाली, "तोंड पूस आधी पोरी, नाई तं मायी खाट रिकामी पाहून डॉक्टर तुलेच ठेवून घेतीन!"