चूक टायपिस्टची

"सर, हीच ती आमची टायपिस्ट," वकीलसाहेब म्हणाले. "ऑफिसात कॉम्प्युटर आणला. अक्कल कुठनं आणू?"

कोर्टात हशा पिकला. मागच्या बाकावरचे ज्युनिअर हसले. शिरस्तेदार हसले. विमा कंपनीचे वकील तर टेबलावर हात मारून हसले. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी उभी होते. शिपायाकरवी मला ऑफिसातनं बोलावून आणलं होतं. कशाला, ते कुणी सांगितलं नव्हतं.

जज्जसाहेबांनी विचारलं, "चूक तुमच्याकडून झाली?"

मी मान हलवली. होकाराची. का हलवली? सवय. अकरा वर्षांची सवय. राग आला नाही, रडू आलं नाही. डोक्यावर पंखा फिरत होता, तेवढाच ऐकू येत होता.

"मग टायपिस्टचं प्रतिज्ञापत्र दाखल करा," जज्जसाहेब म्हणाले आणि पुढची तारीख दिली.

बाहेर व्हरांड्यात हुपरीची बाई उभी होती. आमची पक्षकार. हिचा नवरा चांदीच्या पैंजणांचं काम करायचा. माल घेऊन कोल्हापूरला येताना ट्रकनं उडवला, जागीच गेला. मागं ही आणि दोन लेकरं. भरपाईचा अर्ज आमच्या साहेबांनी घातलेला. आणि त्या अर्जात, तिच्याच सहीच्या कागदात, छापलं होतं की मयत अविवाहित होता.

ती मला म्हणाली, "बाई, मग मी त्येंची कोन? सगळ्या कोर्टाम्होरं इचारलं की वो त्या इम्याच्या वकिलानं. तुमी मयताच्या कोन लागता म्हनून."

अर्जात ते 'अविवाहित' कुठनं आलं, मला ठाऊक होतं. पण तोंड उघडलं नाही. शरम वाटली, तीही सावकाश, घरी गेल्यावर.

मी साहेबांकडं लागले तेव्हा टाइपरायटर होता. मराठी चाळीस, इंग्रजी चाळीस, दोन्ही परीक्षा पहिल्या दणक्यात पास. माझे वडील त्याच कोर्टात झाडलोट करायचे. साहेबांच्या पाया पडून त्यांनीच मला चिकटवलं. येईल त्या पक्षकाराला साहेब सांगायचे, "झाडूवाल्याची पोरगी, पण बोटं बघा कशी चालतात." हे कौतुक होतं म्हणे. हाक मारायची तर "ए टायपिंग."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. वकील चुकत नसतो. तारीख चुकली, गट नंबर चुकला, वारस गळला, की दुरुस्तीचा अर्ज जातो. त्यात एक वाक्य ठरलेलं. 'टंकलेखकाच्या नजरचुकीने.' आणि तो अर्जसुद्धा टंकलेखकानंच टाईप करायचा. मी असले अर्ज किती केले, हिशोब नाही. टाइपरायटरवर खरंच चुकायचे मी. कार्बन लावून चार प्रती, एक अक्षर बिघडलं की चारी ठिकाणी खोडा. त्यामुळं वाटायचं, असेल बाबा माझंच.

कॉम्प्युटर आला आणि साहेबांनी मजकूर सांगणंच सोडलं. "ते मागचं अपघाताचं काढ. नावं बदल. मार प्रिंट." एकाच अर्जावर एकेक करून कितीतरी मयत निघाले.

हुपरीच्या बाईचा अर्जही तसलाच. मूळचा अर्ज चंदगडच्या एका म्हातारीचा, तिचा बिनलग्नाचा मुलगा गेलेला. काय बदलायचं त्यावर साहेबांनी लाल पेनानं खुणा करून दिल्या. नाव, गाव, गाडीचा नंबर. सातव्या परिच्छेदावर खूण नव्हती. मी प्रिंट घेऊन आत गेले. म्हटलं, "साहेब, सात नंबर वाचता का? अविवाहित राहिलंय."

साहेब फोनवर होते. फोन कानाचा न काढता म्हणाले, "तुझं काम बोटांचं. डोकं माझं." आणि सही ठोकली.

बाईपुढं शेवटचं पान सरकवलं. इथं सही कर. तिला चांगलं वाचता येत होतं. पण आतली पानं कुणी तिच्या हातात दिली नाहीत. मीही दिली नाहीत. हे माझं. हे मी कुणावर ढकलत नाही.

तारखेच्या आधी साहेब म्हणाले, "इंटरनेटवर हायकोर्टाचे निकाल बघ. टायपिंगची चूक पदरात घेतलेले. चार-पाच काढ." पूर्वी निकाल जाड पुस्तकांत असायचे, पुस्तकं कपाटात आणि किल्ली साहेबांच्या खिशात. इंटरनेट आल्यापासून शोधायचं मी आणि कोर्टात वाचायचं साहेबांनी.

मी शब्द घातले. पानामागनं पान उघडायला लागलं. नेट रखडत होतं, मी बसून राहिले. इंग्रजी मला सावकाश कळतं, पण कळतं. कुठं जमिनीचा गट चुकलेला, कुठं मुदत हुकलेली, कुठं विधवा बहीणच गाळलेली. आणि जिथं बघावं तिथं दोष टायपिस्टचा. वकिलांची नावं ठळक, वरतीच. जज्जांची नावं. टायपिस्टचं नाव मला एकाही निकालात दिसलं नाही.

मला वाटायचं मी एकटीच बावळट. अहो, म्हणजे अख्ख्या देशात चुकतो तो टायपिस्टच? एक वकील चुकला नाही? सगळ्यांच्या चुका एका बिननावाच्या माणसाच्या डोक्यावर. त्या दिवशी मला राग आला असं म्हणणार नाही. भीती होती, ती गेली.

संध्याकाळी साहेबांनी खुर्ची मागं रेलली. "घे प्रतिज्ञापत्र. मी... काय गं, पूर्ण नाव काय तुझं?"

अकरा वर्षांनी. मी सांगितलं.

"बापाचं?"

तेही सांगितलं.

"हं. धंदा टंकलेखन. सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, वकीलसाहेबांनी मजकूर बरोबर सांगितला होता. माझ्या निष्काळजीपणामुळे..."

बोटं थांबली. मी म्हटलं, "साहेब, हे खोटं आहे."

"काय?"

"मी विचारायला आले होते. तुम्ही वाचलं नाही."

साहेब हसले. "अगं, तुझं काय जातंय? तुला काय वकिलीची सनद आहे जायला? आणि सही नाही केलीस तर त्या बाईचा क्लेम बुडेल. तिची लेकरं तुझ्या माथी."

हे मात्र लागलं. क्लेम मला बुडवायचा नव्हताच. मी आधीचं सगळं पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली, साहेबांच्या समोर, एकेक ओळ मोठ्यानं म्हणत. अर्जदार बाईंनी लग्नाची, मुलांची माहिती स्वतःच्या हातानं वहीच्या पानावर लिहून दिली होती. ते पान फाईलला आहे. सातवा परिच्छेद जुन्या अर्जातला राहिला. मी तो वकीलसाहेबांच्या नजरेस आणला. त्यांनी न वाचता सही केली. मीही बाईंना वाचून दाखवला नाही. बाईंचा यात काही दोष नाही.

प्रिंट काढली. "ह्यावर सही करते. दुरुस्ती ह्यानंही होते."

साहेब लालबुंद. "झाडूवाल्याची पोरगी तू! खुर्ची दिली मी तुला!"

"खुर्ची ठेवा तुमची," मी म्हटलं. "खाली नाव माझं पडणार आहे."

घरी आईनं तोंड बघूनच ओळखलं. "नोकरी गेली व्हय?"

"गेली." आणि घडलं ते सांगितलं.

आई भाकरी थापत होती. हातातली तव्यावर टाकली. मग म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी ठावं हाय मला. पर दोर बी संन्याशानंच वळायचा? त्यो कुठला न्याव?"

दुसऱ्या दिवशी एसटीनं हुपरीला गेले. बाईला तिचा अर्ज पहिल्या ओळीपासनं वाचून दाखवला. स्वतःच्या नवऱ्याच्या मरणाचा कागद ती पहिल्यांदा ऐकत होती. सातव्या परिच्छेदाला तिनं हात धरला माझा. सोडला नाही. मग तिनं वकील बदलला, आणि तारखेला मी माझं प्रतिज्ञापत्र शपथेवर दाखल केलं. दुरुस्ती झाली. क्लेम पुढं बरीच वर्षं रेंगाळला, ते वेगळं.

मला कोर्टात कुणी कामावर घेतलं नाही. "ती होय? ती वकिलावर उलटते." एवढं एक वाक्य सगळीकडं माझ्या आधी पोचायचं. मी जुना कॉम्प्युटर घेतला, रस्त्याकडंच्या एका टपरीवजा खोक्यात टेबल टाकलं. कागद झाला की आधी पक्षकाराला सगळा वाचून दाखवते, मग प्रिंट. वकील घड्याळ बघतात, करवादतात. करवादू देत.

त्यांच्यातला एखादा अजून येतो, दुरुस्तीचा अर्ज घेऊन. सवयीनं सांगायला लागतो, टंकलेखकाच्या नजरचुकीने. मी हात मागं घेते. विचारते, कुणाच्या? नाव सांगा. नाव सांगितल्याशिवाय ते वाक्य माझ्या हातनं टाईप होणार नाही. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.