आमच्या आत्याचा ड्रमसेट

माझ्या आत्याइतका कडक राग अकोल्यापासून अमरावतीपर्यंत दुसऱ्या कोणालाच येत नव्हता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. मापात मारणाऱ्या भाजीवालीला ती सोडून द्यायची, पण बेतालपणाला माफी नव्हती. आरतीत कोणाची टाळी चुकली की देवाकडे पाठ करून त्या माणसाकडे टक लावून बघायची. अकोल्याच्या अख्ख्या जुन्या शहरात तिला एकच माणूस तालाचा पक्का वाटे, तो म्हणजे कापूस पिंजणारा पिंजारी. "त्याले ताल कळते, तुमाले नाही," असं ती आल्यागेल्याला ऐकवी. सासर अमरावतीचं. तिथे परातीवर बोटं वाजवली म्हणून सासूने हातावर उलथनं मारलं, आणि आत्या त्याच दुपारच्या एसटीने माहेरी आली. गल्ली म्हणे, नवऱ्याने टाकली. आत्या दारात उभी राहून दुरुस्ती करी, "त्यानं नाही, मी टाकलं त्याले!"

साठ सालानंतर गावोगाव ऑर्केस्ट्रे निघाले, तसा काकांनीही एक काढला. काका म्हणजे तिचा सख्खा भाऊ. त्यांचा ड्रमसेट आमच्या ओसरीवर असायचा आणि दुपारी सगळे पुरुष बाहेर गेले की आत्या त्याच्यासमोर बसायची. नऊवारी लुगड्याचा कासोटा घातलेला, त्यामुळे बैठक अशी पक्की की पँटवाल्यांनी लाजावं. शेजारणी तोंडाला पदर लावत. याच बाया असंच लुगडं नेसून दिवसभर कपाशी निंदत, तेव्हा कोणाच्या डोळ्यांत काही खुपत नसे. तीच बाई ड्रमसमोर बसली की गावाची अब्रू जाते! आज लिहितानाही माझं डोकं फिरतं.

ऐन गणपतीत काकांचा ड्रमवाला नागपूरच्या ऑर्केस्ट्रात निघून गेला. आत्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष घरी आले आणि म्हणाले, "बाई गात असन त गाऊ द्या. पण बाईच्या जातीनं चारचौघांत असं ढमढम करनं शोभते काय?" काकांनी तोड काढली. आत्याने पडद्यामागे वाजवायचं आणि पुढे त्यांच्या मेहुण्याने, म्हणजे काकूच्या भावाने, रंगीत कागद डकवलेल्या रिकाम्या डब्यांवर, नुसते हात हलवायचे. आत्या कशी कोण जाणे कबूल झाली. तिला वाजवायचं होतं, दुसरं काय!

पहिलंच गाणं रंगलं. लोक ओरडले, "वा रे पठ्ठ्या!" मेहुणा उठून लवून नमस्कार करायला लागला, आणि तिथेच घात झाला. तो परत बसला तेव्हा पडद्यामागे सगळं शांत. मेहुण्याचे हात जोरात चाललेत, गायक गातोय, आणि डब्यांतून आवाज म्हणून नाही. मांडव हसून लोळला. आत्याने पडदा स्वतःच्या हाताने सारला. "वाजवून मी राहिली, अन् वाहवा याले काहून?" असं सर्वांदेखत विचारून ती पुन्हा बसली आणि वाजवू लागली. तसं वाजवणं मी नंतर कुठेच ऐकलं नाही. पोरीबाळी उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या, आणि एकीचीही टाळी चुकत नव्हती. तेवढ्यात अध्यक्षांनी डोळे वटारले. काका पुढे झाले आणि गाणं चालू असताना त्यांनी बहिणीच्या हातातल्या काड्या काढून घेतल्या. दुसऱ्या दिवशी ड्रमसेट ओसरीवरून हलला, तो कायमचा.

पुढे काका लग्नाकार्यात छाती फुगवून सांगत, "बाईनं ड्रम वाजवला तो पहिल्यांदा आमच्याच घरी!" मी ताटावरून उठून जायची. आत्या मात्र जेवत राही. एकदा न राहवून मी तिला विचारलं, तुला यांचा राग कसा येत नाही?

"रागाचं काय, तो उतरते," ती म्हणाली. "गाणं मातर अर्धंच रायलं, बाई."