हाताचे सोडे

दुकानातून साबणाची वडी आणली की मास्तर आधी तिचा कागद सोडवत, मांडीवर ठेवून तळहाताने सपाट करत आणि मगच वडीकडे बघत. आमच्या शाळेचे ते ड्रॉइंग मास्तर. काड्यापेटी असो की चहाचा डबा, वरचं चित्र त्यांनी कधी फेकलं नाही. गाव त्यांना लेबलमास्तर म्हणे. मी गणित शिकवायचो, त्यामुळे थट्टा करायचा पहिला मान माझा.

ते रागावत नसत. "अहो गणितवाले," म्हणत, "परदेशी माल चित्र पांघरून येतो आणि आपला उघडाबोडका जातो. देश नुकता आपला झालाय. त्याच्या मालाला चेहरा कोण देणार?" तेव्हा आम्हा सगळ्यांना धरणं आणि कारखाने दिसत होते. यांना चित्रं दिसत. मला ते निव्वळ खूळ वाटे.

पुढे कोळणींनी मिळून सोसायटी काढली. कोलंबी सोलून, सुकवून तिचे सोडे मुंबईला पाठवायचे. पुड्यावरचं लेबल मास्तरांनी हौसेने काढून दिलं: भरल्या शिडाची होडी, डोलकाठीवर बावटा. जनाबाई सोसायटीची पुढारी. तिने कागद उन्हात धरला आणि पदर तोंडाला लावून हसली. "मास्तर, शीड एकीकडं फुगलंय न् बावटा दुसरीकडं फडफडतोय. तुमच्या होडीला दोन वारं लागलं काय?"

मास्तरांचे कान लाल झाले. "चुकलो, जनाबाई. मी होडी पुस्तकात बघून काढली," म्हणाले. इथे समुद्र शाळेच्या मागेच होता! त्यानंतर महिनाभर शाळा सुटली की ते कोळवाड्यात जाऊन बसत. शेवटी होडी काढलीच नाही. काढले जनाबाईचे कोलंबी सोलणारे हात, उजवा अंगठा होता तसा वाकडा ठेवून.

मुंबईचं गिऱ्हाईक 'हाताचे सोडे' म्हणून मागू लागलं. दलाल भाव पाडायला आला, तर जनाबाई त्याला म्हणाली, "न्हाय परवडत तर ऱ्हाऊ दे. लोक आमचं हात वळखतात." मी तिथेच उभा होतो. मास्तरांचं खूळ म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आणि कळूनही मी गप्प बसलो. शाळेला विज्ञानाचा शिक्षक हवा होता आणि त्यासाठी चित्रकलेची जागा बंद करायची होती. संस्थेच्या सभेत मला विचारलं गेलं. कोळवाड्याची गोष्ट ओठांवर आली होती, पण चार शहाण्यांत खुळा ठरायची भीती वाटली. "विज्ञान हवंच," एवढंच बोललो.

मास्तरांची नोकरी गेली. ते गाव सोडून निघाले तेव्हा दिघीच्या धक्क्यापर्यंत मीच त्यांची ट्रंक उचलली. ते सगळं जाणून होते. लाँचमध्ये पाय ठेवताना एवढंच म्हणाले, "जनाबाईला सांगा, छापखानेवाला अंगठा सरळ करायला बघेल. करू देऊ नका."

त्यांचं पत्र कधी आलं नाही. मीही पत्ता शोधला नाही, कारण लिहायचं काय हे ठाऊक होतं आणि तेच लिहवत नव्हतं. फार वर्षांनी मुंबईच्या बाजारात एका टोपलीत तो पुडा दिसला. रंग उतरलेला, छपाई फिसकटलेली. अंगठा वाकडाच होता. घरी येऊन मी सोडे डब्यात ओतले, लेबल मांडीवर घेतलं आणि तळहाताने सपाट करत बराच वेळ बसून राहिलो.