रुमालाखालचा शनी

वकीलसाहेबांनी गणूभटांना फसवलं. दुर्बिणीतून शनी दाखवतो म्हणून शब्द दिला, तीन वर्षं मेहनत करून घेतली आणि शब्द फिरवला. सौदा माझ्यासमोर, माझ्याच रुमालाखाली झाला होता, म्हणून हे मी लिहितो आहे. वकीलसाहेबांचं नाव घालत नाही. अकोल्यात ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ते स्वतः तर पहिल्याच ओळीला ओळखतील.

मी कापसाचा अडत्या. वलगावहून निघालो, आधी अमरावतीच्या बाजारात पाठीवर बोजे वाहिले, मग अकोल्यात येऊन स्वतःची गादी घातली. कोणी फुकट काही करतं यावर माझा कधी विश्वास बसला नाही. गणूभट आमच्या बाजारातल्या दुकानांतून पूजा सांगत फिरायचे. ठेंगणे, सावळे, खांद्यावर विरलेलं उपरणं. मुख्य धंदा शनीचा. ज्याला साडेसाती लागली त्याच्या नावानं जप करायचा, तेल ओतायचं, काळे उडीद न्यायचे.

एका सकाळी ऐन बाजारात मी एका व्यापाऱ्याचा हात रुमालाखाली धरून बसलो होतो. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत. हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबायची. कोणतं बोट, कोणतं पेर, यावरून आकडा कळतो, आणि शेवटी अख्खा पंजा दाबला की सौदा पक्का. कागद नाही, साक्षीदार नाही. तरी असा सौदा मोडल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. मोडेल त्याच्या हातात पुन्हा कोणी हात देत नाही.

तो व्यापारी उठला तसे गणूभट त्याच्या जागी बसले आणि त्यांनी सरळ रुमालाखाली हात घातला.

“मारोतराव, मले हे शिकवा.”

“महाराज, तुमाले कापूस घ्याचा हाये का?”

“नाही.”

“मंग इकाचा हाये?”

“माझ्या घरी वातीपुरता कापूस आहे. तो काहून इकू?”

“मंग शिकून कराचं काय?”

“करायचं काय त्यात? समजन ना!”

मला वाटलं, हा भट समोरच्या गादीवाल्याचा हेर आहे. मी शिकवलं, पण मुद्दाम उलटं शिकवलं. तिसऱ्या बोटाचा आकडा चौथ्याला लावला, चौथ्याचा तिसऱ्याला. गणूभट रोज यायचे, हात द्यायचे, आणि दहा जणांच्या हाताला हात लागला म्हणून मोर्णा नदीवर जाऊन आंघोळ करायचे. मी एकदा टोमणा मारला, “महाराज, इटाळ होते त येता काहून?” म्हणाले, “विटाळ भटाले होते, विद्येले होत नाही. आंघोळीले काय, नदी भरून पाणी आहे.”

आठवडाभरानं ते हसत हसत आले.

“मारोतराव, तुमी मले चुकीचं शिकवलं.”

शाप देतील असं वाटलं. लोकांचे सौदे झाले की ते गाडीवानांना भाव विचारून घेत, आणि कोपर कसं हललं होतं ते आठवून ताळा पाहत. त्यात माझी लबाडी सापडली होती.

“पण लई झाक झालं,” ते म्हणाले. “आता मले दोन भाषा येतात. एक तुमची खरी आन् एक तुमची खोटी.”

मला आयुष्यात शिव्या पुष्कळ मिळाल्या आहेत, मारही खाल्ला आहे, पण इतकी शरम कधी वाटली नव्हती. त्या दिवशी मी खरं शिकवलं. बदल्यात त्यांनी चाळिशीतल्या या ठोंब्याला अक्षरं शिकवली. हे जे वाचता आहात ते त्यांनी गिरवून घेतलेल्या अक्षरांत आहे.

माणूस सगळ्यांनाच विचारत सुटायचा. विहीर खणायला आलेल्या तेलंगी वडारांजवळ काठावर बसून तेलुगू शिकला. बार्शीटाकळीला कोणाच्या मुंजीसाठी पायी गेला आणि उशिरा पोचला, कारण वाटेत मातीचा रंग बदलला होता आणि तो कुठून बदलतो ते पाहायला मागे फिरला होता. मी एकदा हमालावर ओरडत होतो, हात उगारलेला, तेवढ्यात हे मध्येच विचारतात, “मारोतराव, राग आला की तुमचा डावाच कान लाल होते. काहून?” हमाल हसला, मीही हसलो, हात खाली आला.

दुर्बिणीची गोष्ट अशी. एक गोरा साहेब बदली होऊन जाताना गावातल्या एका शाळेला दुर्बीण देऊन गेला. वकीलसाहेब त्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष. गणूभटांनी ऐकलं की अशा नळीतून शनीभोवतीचं कडं दिसतं, आणि त्यांचं जेवणात लक्ष लागेना. मला म्हणाले, “ज्याच्या नावानं जन्मभर तेल ओतून राहिलो, त्याले एकदा जवळून पाहू त द्या!” मी त्यांना घेऊन वकीलसाहेबांच्या बैठकीत गेलो. तिथं चार मंडळी पान खात बसली होती.

वकीलसाहेब म्हणाले, “भटजी, पाहून तुम्हाला मिळणार काय?”

“मिळणार काय म्हंजे? दिसन ना!”

“आणि तो देव नसून नुसता गोळा निघाला, तर पोट कसं भरणार?”

“पोटाचं पोट पाहून घेईल, साहेब. डोळ्याले त पाहू द्या.”

मंडळी हसली. वकीलसाहेबांना हसवायला आणखी जोर आला. कपाटातून त्यांनी एक चोपडी काढली. “हे त्या साहेबानं दुर्बिणीबरोबर वेगळं हातात दिलेलं इंग्रजी पुस्तक. हे वाचून अर्थ सांगा, त्याच संध्याकाळी शनी दाखवतो.”

मी रुमाल काढला आणि म्हणालो, “साहेब, हात द्या.” त्यांनी हसत हात दिला. त्यावर मी गणूभटांचा हात ठेवला आणि वर रुमाल टाकला. वकीलसाहेबांनी अख्खा पंजा दाबला. माझी बोटं मध्ये होती. ती दाब ओळखतात.

पन्नाशीतला भिक्षुक इंग्रजी शिकला. शाळेत घेणार कोण? रॉकेलच्या डब्यांवरची अक्षरं, जिनिंगच्या यंत्रांवरची नावं, आणि स्टेशनवरच्या मालबाबूनं दिलेलं एक फाटकं पहिलं पुस्तक. पाहावं तेव्हा उपरण्याच्या गाठीत एखादा शब्द चिठ्ठीवर बांधलेला. मी विचारायचो, “महाराज, कंटाळा नाई येत?” ते म्हणायचे, “कंटाळा त रोज तोच जप करायचा येते. हे त रोज नवं निघून राहिलं.”

तीन वर्षांनी आम्ही पुन्हा त्याच बैठकीत गेलो. गणूभटांनी मांडी घातली आणि चोपडी वाचायला घेतली. सूर रुद्र म्हटल्यासारखा, आणि लिहिलेलं प्रत्येक अक्षर उच्चारलेलं. ‘नो’ऐवजी ‘क्नो’, ‘नाईट’ऐवजी ‘निघ्त’. मंडळी पोट धरून हसली. गणूभट न थांबता वाचत गेले आणि पानापानाचा अर्थ सांगत गेले. मग चोपडी मिटून त्यांनी विचारलं, “साहेब, ‘क’ लिहिला आहे त बोलत काहून नाही? त्या बिचाऱ्यानं काय केलं?”

“नसतो बोलत. नसतो म्हणून नसतो,” वकीलसाहेब म्हणाले.

मी विचारलं, “अर्थात चूक झाली का?”

“अर्थ ठीक आहे हो. पण याला का इंग्रजी म्हणतात? आणि मारोतराव, ती थट्टा होती. तुम्ही इतकी वर्षं धरून बसलात?”

“सौदा झाला व्हता, साहेब.”

“लेखी आहे काही? रुमालाखाली कोर्ट भरत नसतं.”

मी उठलो ते त्यांच्या गळपट्टीवर हात घालायलाच. गणूभटांनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, “चला मारोतराव. डावा कान.”

रस्त्यावर आल्यावर म्हणतात, “कडं कसं असते ते वाचलं त खरं. ‘क’चं मात्र कोणी सांगितलं नाही.”

मी मुंबईच्या ओळखीच्या दलालाला लिहिलं, हवी तेवढी किंमत लागो, एक दुर्बीण पाठव. विलायतेत लढाई चालू होती, माल येत नव्हता. दोन पावसाळे तसेच गेले. पुढच्या पौषात गणूभटांना ताप भरला. मी जवळ बसलो होतो.

“मारोतराव, राग सोडा.”

“नाई सोडत.”

“बरं, मंग ठेवा. पण त्याईले एवढं विचारा, काहून नाही दाखवला? मले राग नाही आला. मले समजलं नाही.”

तिसऱ्या दिवशी ते गेले.

आणि परवा मी त्या शाळेच्या बक्षीस समारंभाला गेलो होतो. व्यापाऱ्यांना अशा वेळी बोलावतात, कशासाठी ते सांगायला नको. टेबलावर, फुलांच्या दोन हारांमध्ये, साहेबानं दिलेली दुर्बीण मांडली होती. दुर्बीण कसली, तिची पेटी. गोणपाटात शिवलेली, दोरीनं आवळलेली, गाठीवर त्या साहेबाची लाखेची मोहर. मी जवळ जाऊन हात लावला. माझा जन्म बांधलेल्या गठाणी तपासण्यात गेला. एकदा सुटून पुन्हा बांधलेली गाठ कोणती आणि कधीच न सुटलेली कोणती, हे मी डोळे मिटून सांगतो. ती गाठ साहेबानं मारली तशी होती. मोहरेला ओरखडा नव्हता.

म्हणजे वकीलसाहेब, तुम्ही स्वतःही शनी पाहिला नाही! भटाच्या हातानं काच बिघडेल ही भीती नव्हती, वेळही नव्हता असं नाही. तुम्हाला पाहायचंच नव्हतं, आणि ज्याला पाहायचं होतं त्याला तुम्ही पाहू दिलं नाही. गव्हाणीत बसून बैलाला गवत खाऊ न देणाऱ्या कुत्र्याचंही एवढं वैर नसतं.

मीही गणूभटांना फसवलं होतं. तिसरं बोट चौथं म्हणून सांगितलं होतं. त्याचं उत्तर मी त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन, खरं शिकवून दिलं. हल्ली दुकान बंद केलं की मी ओट्यावर उभा राहून शनी कुठं आहे ते शोधतो. त्यांनी कधीतरी इथूनच बोटानं दाखवला होता, तसा ठिपक्याएवढा सापडतो. मला त्यातून काही मिळत नाही.

आता तुमची पाळी. मला माफी नको, दुर्बीण नको. तुमच्या कोर्टातला लेखी कागद तर नकोच नको. सोमवारी ऐन बाजार भरलेला असताना माझ्या गादीवर या. रुमाल टाकलेला असेल. सगळ्या बाजारादेखत त्याच्याखाली हात घाला आणि मेलेल्या माणसाच्या एका शब्दाचं उत्तर द्या.

काहून?