चार नंबरचा गडी

हेंद्रेपाड्यातल्या किसन रोकडेला आपल्या अक्षराची घमेंड होती. असायला हरकतही नव्हती. लग्नपत्रिका, मेडिकलवाल्याच्या पिशव्या, जयंतीचे बॅनर, सगळं बदलापूर पश्चिमेला तोच छापायचा, आणि त्याच्या हातचं वळण दुसऱ्या कुणाला जमत नसे. त्यानं ही घमेंड लग्नपत्रिकांपुरती ठेवली असती तर त्याच्या भावाचं वाटोळं झालं नसतं. पण ज्याला एक गोष्ट उत्तम येते त्याला ती सगळीकडे दाखवायची खाज असते, आणि किसनला ती जरा जास्तच होती.

धाकटा भाऊ सुदाम कबड्डी खेळायचा. खेळायचा म्हणजे काय, चढाईला निघाला की समोरच्या संघाचे कोपऱ्यावरचे गडी आपोआप मागं सरकायचे. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत तो कंत्राटावर ड्रम उचलायचा. आज काम, उद्या नाही. त्याच एमआयडीसीतल्या एका मोठ्या कारखान्यानं शहाऐंशी सालच्या हिवाळ्यात जाहीर केलं की, आमच्या मैदानावर सामने होतील आणि त्यातून एक खेळाडू आम्ही कायम नोकरीवर घेऊ. एकच. सुदामचं वय पुढच्या वर्षी भरतीच्या बाहेर जाणार होतं. अंजना नावाच्या मुलीचा बाप त्याच्या घरी येऊन स्पष्ट सांगून गेला होता, परमनंट झालास तर पोरगी तुझी, नाहीतर आम्हाला मोकळं कर. म्हणजे त्या एका सामन्यावर सुदामची भाकरी आणि बायको दोन्ही टांगलेली होती.

सुदामच्या मंडळाच्या संघाला बारा टी-शर्ट हवे होते. छातीवर मंडळाचं नाव, खाली आणि पाठीवर आकडा. बारा म्हणजे छापणाऱ्याच्या दृष्टीनं डोक्याला ताप. नावाचं सोपं होतं, छपाईची एक जाळी बनवायची आणि बाराही शर्टांवर तिच्यातून रबरानं रंग ओढायचा. आकड्यांचं काय? प्रत्येक आकड्याला वेगळी जाळी ताणा, तिला केमिकल लावा, अंधारात सुकवा, उजेडात धरा, धुवा, आणि एवढं करून ती वापरायची एकाच शर्टापुरती. असला उद्योग शहाणा माणूस करत नाही.

उल्हासनगरला दोन नंबर कॅम्पात नारूमलच्या दुकानात किसन रंग घ्यायला जायचा. नारूमलनं त्याच्यापुढं तयार आकड्यांचे कागद टाकले. कापायचे, कपड्यावर उलटे ठेवायचे, वरून इस्त्री फिरवायची.

"बारा पीस के लिए जाली बनाएगा क्या साईं? इस्त्री मार, छुट्टी कर. सब टीमवाले येही ले जाते हैं."

आकडे अर्थातच इंग्रजी होते. किसननं तो कागद दोन बोटांत धरला, मेलेली पाल धरावी तसा, आणि परत ठेवला.

घरी सुदामला कळलं तेव्हा तो हिरमुसला. त्याला ते चकचकीत आकडे आवडले होते, मोठे संघ तेच लावायचे.

"दादा, घे ना तेच. लई भारी दिसतात ते."

"पहिल्या पकडीला सोलून निघतील. घामानं सालपटं लोंबतील छातीवर."

"एका मॅचपुरते तर पायजेत."

"आणि वर मंडळाचं नाव मराठीत, खाली आकडा इंग्लिश? धोतरावर टाय बांधतो का कुणी? तू खेळायचं बघ. छपाई मला शिकवू नको."

आई भिमाबाई चुलीपुढून म्हणाली, "त्याला हवं तसं करू दे की रे, घालायचं त्याला हाये." किसननं ऐकलं नाही. आईचं ऐकायची त्याला सवयच नव्हती.

त्यानं तिसराच मार्ग काढला. भंगारवाल्याकडून जुने एक्स-रे आणले, त्यांवर आपल्या वळणाचे मराठी आकडे काढले आणि ब्लेडनं कापले. कापलेला एक्स-रे शर्टावर धरायचा आणि स्पंजनं रंग थापायचा. आकडे टपोरे, गुबगुबीत, देखणे. फक्त ते कापड होजिअरीचं होतं, त्यात रंग जरा पसरला. सुदामनं मागितलेल्या चारच्या वरची दोन टोकं पसरून एकमेकांना टेकली. किसनला ते दिसलं. त्यानं लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. चार तो चारच होता. आपल्याकडं शाळेत गेलेल्या कुणालाही तो चारच दिसला असता, म्हणून किसननं शर्ट निर्धास्तपणे दोरीवर टाकला.

सामना रविवारी झाला. सुदाम त्या दिवशी जे खेळला ते पाहून विरोधी संघाचे पाठीराखेसुद्धा ओरडायचे थांबले. एका चढाईत तीन गडी मारून तो मातीनं माखलेला परत आला, आणि मध्यरेषेवर पालथा पडून हसला. शेवटी एक गडी लंगडायला लागला म्हणून राखीवातला भगवंत आत आला. हा भगवंत पाड्यातल्याच जनाबाईचा एकुलता एक, अंगानं दणकट, डोक्यानं बेताचा, पाठीवर आठ नंबर. त्यानं जाता जाता एक पकड केली आणि सामना संपला.

व्यासपीठावर कारखान्याचे नवे पर्सोनेल मॅनेजर बसले होते, नुकतेच केरळमधून बदलून आलेले. त्यांनी माईक घेतला.

"बेस्ट प्लेयर, नंबर एट! मंडे को फॅक्टरी आ जाना."

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग सगळ्यांनी भगवंतकडं पाहिलं. शेवटची पकड साहेबांच्या डोळ्यांत भरली असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं, कारण साहेब बोलला की त्याचं कारण आपण शोधून द्यायचं ही आपली जुनी खोड. भगवंतला खांद्यावर घेतलं. सुदामनंही हात लावला. घरी येऊन तो भिंतीकडं तोंड करून निजला आणि आईनं वाढलेलं ताट तसंच राहिलं.

त्या आठवड्यात दुसऱ्या एका मंडळाची ऑर्डर आली. कापड मिळतंजुळतं हवं म्हणून किसन सुदामचाच शर्ट नमुना म्हणून घेऊन नारूमलकडं गेला. नारूमलचं लिहिणं-वाचणं सिंधीत, देवनागरीशी त्याचं कधी जमलं नाही. त्यानं शर्ट उलगडून गल्ल्यावर पसरला.

"येही साईज चाहिए? ये आठ नंबरवाला?"

"आठ कुठं? चार आहे तो."

"चार?" नारूमल हसला. त्यानं आपल्या कागदातला इंग्रजी आठ काढून शर्टावर ठेवला. तो जवळजवळ तंतोतंत बसला.

किसनला व्यासपीठावरचे केरळचे साहेब आठवले, आणि कापड न घेताच त्यानं शर्ट गुंडाळून घरची वाट धरली.

त्याला वाटलं, गप्प बसावं. कोण सांगणार आहे? आणि तो गप्प बसलाही असता, मी त्याला ओळखतो. पण सुदाम घरात आईला विचारत होता, "आये, माझ्यात काय कमी व्हतं गं?" रोज तेच. शेवटी किसनच्यानं राहवेना. त्यानं शर्ट भावापुढं टाकला आणि सांगून मोकळा झाला.

त्याला वाटलं होतं सुदाम मारेल. सुदाम मारायला उठला नाही, उलट त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे साहेबानं मलाच निवडलेलं? दादा, मलाच!" तो नाचायचाच बाकी राहिला. त्यानं दाढी केली, लग्नासाठी जपलेला सदरा घातला आणि किसनला ओढत कारखान्याच्या गेटवर नेलं. त्या आनंदापुढं किसनला मार परवडला असता.

गेटवर भगवंत नव्या खाकी कपड्यांत हजेरी लावत होता. त्यानं दोघांना पाहिलं, सुदामच्या हातातला शर्ट पाहिला आणि मान खाली घालून आत निघून गेला. त्याला काय समजलं, काय नाही, त्यानं जन्मात सांगितलं नाही.

साहेबांची जीप आली. सुदाम हात जोडून जीपला आडवा गेला. साहेबांनी त्याला ओळखलं, हे सगळ्यांत वाईट.

"हां हां! तीन आदमी मारा था. फर्स्ट क्लास. तुम आया क्यों नहीं?"

सुदामनं शर्ट दाखवून मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. साहेबांनी शर्ट घेतला, फिरवून पाहिला.

"ये फोर है? किधर से फोर है?" त्यांनी तो वॉचमनला दाखवला, ड्रायव्हरला दाखवला आणि मनापासून हसले. मग हसू आवरून म्हणाले, "देखो, हम एट बोला, एट आया. मेडिकल हो गया, कार्ड बन गया. पोस्ट एक ही था. ये बनाया कौन?"

किसन दोन पावलं मागं उभा होता.

"मेरा भाई," सुदाम म्हणाला.

"तो नोकरी भाई से मांगो," साहेब म्हणाले. शर्ट त्याच्या हातावर ठेवून जीप आत गेली.

अंजनाचं लग्न त्या उन्हाळ्यात झालं. भगवंतशी नाही, तेवढं नाटक आयुष्य करत नाही. कल्याणच्या एका पोस्टमनशी.

सुदाम मात्र साहेबांचं सांगणं मानून, गेटवरून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी किसनच्या दुकानात हजर झाला होता. गिऱ्हाईक बसलेलं होतं. दारात उभा राहून, हात जोडून तो म्हणाला, "साहेब, काही नोकरी आहे का?"

गिऱ्हाईक हसलं. किसन हसला नाही. "सुदाम, असं नको रे करू," तो म्हणाला.

"बरं साहेब," सुदाम म्हणाला आणि ड्रम उचलायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. पुढं येणं बंद झालं, पण 'साहेब' म्हणणं कायम राहिलं. एका घरात, एका ताटलीपलीकडं बसून, मीठ द्या साहेब, निघतो साहेब. आवाजात राग नाही, टोमणा नाही, गेटवरच्या माणसाशी बोलावं तसं. किसननं आकडे काढणं सोडलं, पाया पडून झालं, एकदा तोंडात मारूनही पाहिली. सुदामनं गाल चोळला आणि म्हणाला, "चुकलं साहेब."

भिमाबाईला याचाच घोर लागला होता. ब्याण्णव साली ती गेली. शेवटच्या दिवशी तिनं सुदामचा हात धरून विनवलं, एकदा त्याला दादा म्हण, माझ्या देखत म्हण. सुदाम तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. तिरडी उचलायची वेळ आली. माणसं खोळंबली होती, किसन दाराशी रडत उभा होता. सुदामनं त्याला अदबीनं वाट करून दिली.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही पुढं धरा. तुमची आई आहे."