चांदणीवरचा झेंडू

माझी मुलगी जर्मनीत ज्या कंपनीत कामाला आहे, त्या कंपनीच्या गाडीत मी आजवर एकदाच बसलो. तेही दिग्रसपासून दारव्हा रोडवर थोडंसं जाऊन परत. गावातल्या लोकांना हे खरं वाटत नाही. त्यांच्या मते मी त्या कंपनीचा अर्धा मालक आहे. चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी विचारतंच, "काका, पोरगी तिथं आहे म्हंजे गाडी स्वस्तात भेटत असन न?"

"दोन घेतल्या तर एक फुकट," मी सांगतो. एकाने ते खरं धरलं आणि घरी येऊन बसला. त्याला चहा पाजून वाटेला लावावं लागलं.

मी सरकारी बस डेपोत मेकॅनिक होतो. आयुष्यभर ग्रीसमध्ये हात घातले, ते पुरते पांढरे व्हायला निवृत्तीनंतर दोन वर्षं लागली. घर स्टँडच्या मागच्या गल्लीत. वळणावर बस आली की आवाजावरून मला कळतं कोणती आहे, कुठून आली, कोणत्या गिअरला कुरकुरते. मुलगी यवतमाळला शिकत होती तेव्हा शनिवारी संध्याकाळची बस वळणावर आली की मी बायकोला हाक मारायचो, "चहा टाक, आली." ती म्हणायची, "बस आली म्हना, पोरगी आली का कसं म्हनता?" पण चहा टाकायची. पाच मिनिटांत मुलगी दारात असायची.

बायकोला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी विमानाने आली, पण दहन झाल्यावर पोचली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत थांबली आणि गेली. त्यानंतर आली नाही. मी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर आली असती, पण बाप एकटा आहे म्हणून ओढत-ओढत आली असती, आणि तसं येणं मला नको होतं. माझा स्वभावच तसा आहे, अकडू. बायको मेली तरी मी शेजाऱ्यांसमोर रडलो नाही, बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

एकट्याचं घर कसं असतं ते सांगून कळत नाही. कुकर लावला की शिट्ट्या किती झाल्या हे कोणाला विचारायचं? म्हणून वरण कधी कच्चं, कधी करपलेलं. टीव्ही लावून ठेवतो, बघत नाही. आजारी पडलो तर मला काय होतंय हे मी स्वतःलाच मोठ्याने सांगतो. हसू येतं, पण सांगतो.

रविवारी दुपारी एक वाजता मुलीचा व्हिडिओ फोन येतो. तिथे तेव्हा सकाळ असते.

"जेवले का बाबा?"

"जेवलो."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"गरम होते का तिकडे?"

"होते."

मग दोघंही एकमेकांकडे बघत बसायचो. तिच्यामागे पांढरी भिंत, माझ्यामागे कपड्यांची दोरी. एकदा फोन ठेवल्यावर बघितलं तर बोलणं झालं होतं दोन मिनिटं आणि काही सेकंद. मी चरकलो. बस सुटायच्या आधी कंडक्टर-ड्रायव्हर याहून जास्त बोलतात. हे असंच चाललं तर एखाद्या रविवारी फोन येणारच नाही आणि दोघांनाही चुकल्यासारखं वाटणार नाही, हे मला स्पष्ट दिसायला लागलं.

तेव्हा मी ठरवलं की हिच्याशी बोलायला काहीतरी माल पाहिजे. माझ्याकडे काय आहे? करपलेलं वरण. तिच्याकडे काय आहे? ती कंपनी. मग मी त्या कंपनीच्या मागे लागलो. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, नगरपालिकेच्या वाचनालयात जुनी मासिकं धुंडाळली, वहीत टिपून ठेवलं. डेपोत असताना प्रमोशनच्या परीक्षेला इतका अभ्यास केला असता तर फोरमन होऊन निवृत्त झालो असतो.

आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. त्या देशात दोन माणसं होती. दोघंही इंजिनाने चालणाऱ्या गाडीच्या मागे लागलेली. गावं अशी जवळ, की आपल्या बसने सकाळी निघून दुपारी पोचावं. पण म्हणतात, दोघं आयुष्यात एकमेकांशी एकदाही बोलले नाहीत. त्यांच्या कंपन्या एक झाल्या त्या फार नंतर. मी मुलीला म्हणालो, "पाह्य बाई, इतक्या जवळ राहून बोलले नाई. आपन किती दुरून बोलून राह्यलो." ती हसली. तो फोन अकरा मिनिटं चालला.

मग चांदणीची गोष्ट. त्या दोघांतल्या एकाने बायकोला पत्र पाठवलं होतं, त्यावरच्या चित्रात आपल्या घरावर एक चांदणी काढली, आणि लिहिलं की एक दिवस ही आपल्या कारखान्यावर चमकेल. पुढे त्याच्या मुलांना ती आठवली आणि तीच तीन टोकांची चांदणी गाडीवर बसली. जमीन, पाणी आणि हवा, तिन्हीकडे आपलं इंजिन चालावं म्हणून तीन टोकं. मग नावाची गोष्ट. गाडीला नाव पडलं ते एका व्यापाऱ्याच्या लहान मुलीचं. तो बाप या गाड्या शर्यतीत उतरवायचा, विकायचा, आणि सगळीकडे पोरीचं नाव लावत सुटायचा. मी मुलीला म्हणालो, "मले हे तवाच समजलं असतं तर डेपोतल्या एखाद्या बसवर तुझं नाव टाकलं असतं."

"अन् साहेबानं तुमचं नाव मस्टरवरून काढलं असतं," ती म्हणाली.

असं दर रविवारी एक गोष्ट पुरवून पुरवून मी वर्ष काढलं. तीही आपल्या कामाचं थोडंफार सांगायला लागली. आताच्या गाड्यांमध्ये समोरच्या चांदणीच्या मागे गाडीचा एक डोळा असतो म्हणे. पुढे काय आहे, किती लांब आहे, हे त्याला कळतं आणि वेळ पडली तर गाडी आपणहून ब्रेक मारते. माझ्या मुलीचं काम एवढंच, की त्या चांदणीवर बर्फ, चिखल, पालापाचोळा काय काय लावायचं आणि डोळ्याला दिसतं का ते बघायचं. "म्हंजे तुले पगार गाडी खराब करायचा भेटते," मी म्हणालो.

एक गोष्ट मात्र मी वहीत लिहून ठेवली आणि सांगितली नाही. त्या दोघांतल्या दुसऱ्याची बायको. नवऱ्याने गाडी बनवली, पण लोक हसायचे, घ्यायचे नाहीत, आणि तो खचून बसला होता. एका पहाटे नवरा झोपेत असताना ही बाई उठली, दोन मुलांना घेतलं आणि त्याला न सांगता गाडी बाहेर काढली. जगात गाडीने एवढं लांब तोवर कोणी गेलं नव्हतं. वाटेत इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी चोंदली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. संध्याकाळी ती पोचली. कुठे, तर माहेरी, आपल्या आईकडे.

ती गोष्ट वाचली त्या दिवशी मी चष्मा काढून बराच वेळ बसून राहिलो. मेकॅनिक म्हणून त्या बाईला सलाम केलाच. पण जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका लेकीने माहेरी जायला केला, हे मी माझ्या लेकीला कसं सांगू? सांगितलं की तो टोमणाच होणार. म्हणून ते पान मी दुमडून ठेवलं.

मग या वर्षीचा दसरा आला. सकाळी पांढरा सदरा घालून विहारात गेलो, वंदना झाली, खीर घेतली, घरी आलो. आमच्या गल्लीतले बरेच लोक धम्मचक्र दिनासाठी नागपूरला गेले होते. गल्ली सामसूम. मी टीव्ही लावून बसलो तोच कापसाच्या जिनिंगवाल्या शेठचा फोन.

"काका, लवकर या. जवाईबापूंची गाडी रुसली."

शेठचे जावई नागपूरहून नवी गाडी घेऊन आले होते, तीच, चांदणीवाली. दसऱ्याला जिनिंगमध्ये सगळ्या यंत्रांची, ट्रक-ट्रॅक्टरची पूजा असते, त्यात जावयाची गाडीही धुऊन-पुसून उभी केली होती. पूजा झाली, नारळ फुटला, आणि गाडी सुरू केली तर ती टुंग-टुंग वाजायला लागली. सणाचा दिवस, शोरूममध्ये फोन कोणी उचलेना. पूजा केल्याबरोबर असं झालं म्हणून शेठाणीबाईंचा चेहरा उतरला होता. तेव्हा कोणाला तरी आठवलं, की काकांची पोरगी कंपनीतच आहे.

मी गेलो. बॉनेट उघडलं. आत काळी झाकणंच झाकणं, पाना लावायला जागा नाही. दहा-पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती.

"पडद्यावर काय लिहून येते?" मी जावयांना विचारलं.

"सेन्सर खराब झाला म्हनते, साफ करा म्हनते," जावई वैतागून म्हणाले. "आत्ताच तर शाम्पू लावून धुतली. पूजा झाली. अन् हे म्हनते मी मळलेली आहो!"

मी पुढे येऊन उभा राहिलो. गाडीच्या तोंडावर झेंडूचा मनगटाएवढा जाड हार आडवा बांधला होता. त्याखाली चांदणी. तिच्यावर हळद, कुंकू, वर तांदूळ, वर पाणी, त्याचा छान लेप झाला होता. मला मुलीची पांढरी भिंत आठवली. बर्फ, चिखल, पालापाचोळा.

"हार काढा लागते," मी म्हणालो.

सगळे शेठाणीबाईंकडे बघायला लागले. पूजेचा हार, आणि काढणार मी. शेठाणीबाई म्हणाल्या, "काका, हयद-कुकवाले कोनी घान म्हनते का?"

"आपन नाई म्हनत वहिनी. पन तिले दिसत नाई. डोयाले पट्टी बांधली न आपन तिच्या."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली. हार मी सावकाश सोडवला, फुलं गळू दिली नाहीत, मागे डिकीवर नेऊन बांधला. चांदणी ओल्या रुमालाने पुसली, मग सदऱ्याच्या टोकाने कोरडी केली. जावयांनी गाडी सुरू केली. टुंग-टुंग बंद. टाळ्या पडल्या, शेठने माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली, आणि जावई म्हणाले, "काका, बसा, चक्कर मारून येऊ."

मागच्या सीटवर बसलो आणि दार ओढलं. तो आवाज अजून कानात आहे. खणखण नाही, धडाम नाही, नुसतं जाड, बंद, ढप्प. बाहेरचा बाजार, ढोल, ट्रॅक्टर, सगळं एका क्षणात थांबलं. मला कळलं, लोक या गाडीवर का जीव टाकतात. इतकं बारीक लक्ष देऊन कोणी काही बनवलं, की बसणाऱ्याला वाटतं आपली कोणाला तरी काळजी आहे. दारव्हा रोडवर ती अशी निघाली की मी सवयीने इंजिनाकडे कान लावला, आणि ऐकायला काहीच नव्हतं. इतकी शांतता मला माझ्या घरात पुरेशी आहे, आणखी नको होती. मी जावयांना म्हणालो, वळवा.

रविवारपर्यंत मी ती गोष्ट पोटात धरून ठेवली. एक वाजता फोन आला. सगळं सांगितलं. ती इतकी हसली की मोबाइल हातातून पडला आणि मला थोडा वेळ तिच्या घराचं छत दिसत राहिलं. "बाबा, आम्ही सगळं लावून पाह्यलं, झेंडू नाई लावला! मी उद्या सगळ्यांले सांगते." सदऱ्यावरचा पिवळा डाग मी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला. मग हसू थांबलं.

"बाबा, तुम्ही इतक्या गोष्टी सांगितल्या. त्या बाईची काहून नाई सांगितली?"

"कोन्त्या बाईची?"

"नाटक नका करू. माहेरी गेलती ते."

मी दोरीवरचे कपडे सारखे करायला लागलो. वाळले नव्हते. शेवटी म्हणालो, "तुले वाटलं असतं, बाप बोलावून राह्यला."

"आमच्या कंपनीच्या जिन्यात तिचा फोटो आहे. मी रोज त्याच्यासमोरून जाते. पन बाबा, तिची आई होती न तिथं. ती आईकडे गेली. मी आली तर कोनाकडे येऊ? मले त्या घरात पाय नाई टाकवत."

मला राग आला. तिचा नाही, माझा. तीन वर्षं मी समजत होतो की पोरगी विसरत चालली, आणि ती तिकडे त्याच एका दारासमोर उभी होती, ज्याच्या आत मी बसलो होतो. माझ्या मनातही माहेर म्हणजे तिची आईच. त्यात मी स्वतःला कधी धरलंच नव्हतं.

"मी आहो न," मी म्हणालो. "वरन करपते माह्या हातानं. पन मी आहो न इथं. ये."

नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ती बाई परत गेलती बाबा. थोड्या दिवसांनी. तीच गाडी घेऊन."

"मंग तू पन जाय. थांब म्हनून कोन म्हनलं? पन आधी ये."

"सुट्टीचं पाहते," ती म्हणाली. डोळे पुसले. "नागपूरवरून गाडी करून येऊ का?"

"नोको. त्या गाड्यायचा आवाजच येत नाई. बसनं ये, संध्याकायच्या. वळनावर आली का मी चहा टाकतो."